घाट पुन्हा बंद झाला

३१ डिसेंबर २०२१. आंबेगाव तालुक्यात मंचरजवळच्या लांडेवाडीचा बैलगाडा घाट दुसऱ्या दिवसाच्या शर्यतीसाठी तयार होता. सात वर्षांत पहिल्यांदाच इथे कायदेशीर बारी सुटणार होती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या होत्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, तोही उच्च न्यायालयात अडकला. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यात गावोगाव भंडारा उधळला गेला. विकायचे नाहीत म्हणून काही गाडामालकांनी इतकी वर्षं खोंड नुसते दावणीला सांभाळले होते. १ जानेवारीला लांडेवाडीत गाडे जुंपायचे ठरलं.

आदल्या दिवशी जिल्हा प्रशासनाने परवानगी मागे घेतली. ओमायक्रॉनचे रुग्ण वाढत होते. मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमांनाही ५० माणसांची मर्यादा घालणारा राज्याचा आदेश नुकताच निघाला होता आणि घाटात ५० माणसं तर एकेका गाड्यामागेच असतात. गाडे येऊन ठेपले होते. न्यायालयाने उघडलेला घाट साथीने पुन्हा बंद केला आणि गाडामालक भडकले.

आदेश चूक होता असं म्हणता येणार नाही. महिनाभरात रुग्णसंख्येने तो बरोबर ठरवला. तरीही हा राग समजून घेण्यासारखा आहे. मार्च २०२० मध्ये याच गावांनी कितीतरी कडक बंदी फारशी कुरकुर न करता पाळली होती. जानेवारी २०२२ मध्ये आजार त्या मानाने सौम्य होता, लस आली होती, निर्बंधही सैल होते. पण लोकांची सोसण्याची ताकद संपत आली होती. बंदी हलकी होत गेली आणि ओझं जड होत गेलं. हे कसं झालं ते पाहायचं तर पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या पट्ट्याची ती दोन वर्षं उलगडावी लागतात, आणि त्याआधी सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. २०२० मध्ये जो कायदा वापरला गेला, तो पुण्या-मुंबईच्या प्लेगपोटीच जन्मला होता.

गोऱ्या सोजिरांची तपासणी आणि माळावरच्या खोपी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेली. त्यांच्या मागोमाग रोगही निघाला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. चार कलमांचा, एखाद्या पानात मावणारा. सरकारला वाटेल तो उपाय करण्याची मुभा, न ऐकणाऱ्याला शिक्षा आणि अधिकाऱ्याला संरक्षण, एवढाच त्याचा ऐवज. बंदीत ज्याची चूल विझते त्याला हमखास काही मिळेल अशी तरतूद त्यात नाही.

पुण्यात प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आला आणि मार्च १८९७ पासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घराघरांत शिरू लागल्या. आजारी माणूस संगमाजवळच्या इस्पितळात, त्याच्या घरचे छावणीत, घरातल्या वस्तू आगीत आणि भिंतींना चुना. स्वयंपाकघरात, देवघरात बूट घालून शिरणं आणि बायकांची उघड्यावर तपासणी या गोष्टींनी शहर पेटलं. टिळक स्वतः पुण्यात राहिले. स्वच्छता आणि विलगीकरण नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांचा विरोध होता तो उपाय ज्या पद्धतीने लादले गेले तिला. त्याच मार्चमध्ये हडपसरजवळ डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याहून एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर आणलं, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, इथवरची गोष्ट शाळेत सगळ्यांनीच वाचलेली असते. शाळेत येत नाही तो पुढचा भाग. पावसाळ्यानंतर प्लेग पुण्यात परत आला, आणि १८९७-९८ ची ही दुसरी फेरी पहिलीपेक्षा जास्त माणसं घेऊन गेली. सरकारला पुन्हा तेच सगळं करायचं होतं; लोक मात्र आता तेच सोसायला तयार नव्हते. मार्च १८९८ मध्ये मुंबईत घरतपासणीवरून दंगल झाली. इस्पितळात माणसाच्या अंगातून मोमियाईचं तेल काढतात, ही अफवा खेड्यापाड्यांत पोचली होती. शिकलेली मंडळी अशा अफवांना हसत. पण घरातला माणूस उचलून नेल्यावर तो जिवंत आहे की नाही हेही कळायची सोय नसली, की ती पोकळी अफवाच भरून काढते.

मग सरकार हळूहळू मऊ झालं. सैनिकांकरवी होणारी झडती गेली. समाजासमाजाच्या इस्पितळांना, देशी वैद्यांना, स्थानिक पुढाऱ्यांना जागा मिळाली. हाफकिनने मुंबईत तयार केलेली लस सक्तीने न टोचता समजावून टोचण्याकडे कल झाला. आणि सगळ्यात चाललेला उपाय दख्खनच्या खेड्यांना आपसूकच पटलेला होता: उंदीर पडू लागले की गाव सोडायचं. लोक रानात, माळावर खोपी घालून राहत. जातं, भांडी, गुरं, देव्हाऱ्यातले टाक सगळं बरोबर जाई. घरांची कौलं उतरवून आत ऊन सोडत. हिवाळा माळावर काढून उन्हाळ्याच्या तोंडाशी गाव पुन्हा भरे. पुढची पंधरा-वीस वर्षं प्लेग थंडीच्या पावलांनी येतच राहिला आणि खेडी दर वेळी उठतच राहिली.

माळावर राहणं काही सोपं नव्हतं. थंडी, विंचूकाटा, चोरीची भीती आणि बाळंतिणींचे हाल. झडतीपेक्षा ही बंदी कितीतरी लांब होती. तरीही ती महिनोन्‌महिने निभावली आणि झडती तीन महिन्यांत रक्तावर आली. गाव कधी सोडायचं, कुठे राहायचं, कधी परतायचं हे गाव ठरवत होतं. शेजारी तेच होते, भजन तेच होतं, शेत समोर होतं. शिवाय परतीची खूण सगळ्यांना ठाऊक होती: उंदीर पडायचे थांबले आणि ऊन तापलं की घरी. एका बंदीत माणूस कर्ता होता, दुसरीत तो नुसता पकडलेला होता. मनाच्या थकव्याचं गमक या फरकात आहे, असं मला वाटतं.

पहिला पाडवा

मंचर ओलांडून नाशिककडे निघालं की घोड नदीच्या काठी कळंब लागतं आणि त्याच्या पुढे नारायणगाव. कळंबसारख्या गावाचं पोट तीन गोष्टींवर चालतं: दूध-भाजीपाला, महामार्ग आणि मुंबई-पुण्यातल्या नोकऱ्या. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांतले. वर्षाचं कॅलेंडर मात्र चैत्रातल्या यात्रा ठरवतात. यात्रा म्हणजे देवाचा छबिना, कुस्त्यांचा आखाडा, घाट भरत असे तेव्हा गाडे, आणि रात्री तमाशा.

तो तमाशा ठरतो नारायणगावात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात. एकेका राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत टेबल, मॅनेजर आणि तारखांची वही. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं जीप करून येतात, दोन-चार राहुट्या फिरतात, यंदा वग कोणता, नाचणाऱ्या किती, गाड्या किती हे विचारतात, चहा होतो, घासाघीस होते आणि सुपारी ठरली की विसार देऊन तारीख वहीत चढते. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसं असतात. हंगामासाठी मालकाने उचल घेतलेली असते, कलावंतांना दिलेली असते, आणि ती फिटायची असते चैत्र-वैशाखातल्या या तारखांवर.

२०२० चा पाडवा आला २५ मार्चला. २४ तारखेच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. देश बंद झाल्याचा पहिला दिवस म्हणजे पाडवा. राहुट्या उठल्या, वह्या मिटल्या, ट्रक जागच्या जागी उभे राहिले.

त्या वेळी गावांनी दाखवलेला संयम आज आठवला तरी नवल वाटतं. सरकारी हुकूम पोचण्याआधीच कित्येक गावांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि दगड टाकून रस्ते अडवले. लोकल बंद झाली, डबे बंद झाले, मुंबईची माणसं गावी परतली. त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं गेलं. घरचा डबा शाळेच्या फाटकापर्यंत येई. १८९७ चं चित्र थोडंफार परत आलं होतं. फक्त आता बाहेरचा सोजीर नव्हता, आपलाच सरपंच, आपलीच आशाताई, आपलाच पोलीस पाटील दारात उभा होता.

या गावबंदीचा गोडवा गाण्यात अर्थ नाही. स्वतःच्या गावच्या पोराला वेशीवर अडवणं, मुंबईहून आलेल्या सुनेकडे रोगाचं गाठोडं म्हणून बघणं, हेही तिच्याच पोटातून आलं. आपलं म्हणून पाळलेलं बंधन सोसायला सोपं असतं. ते न्याय्य असेलच असं नाही. पण ते टिकलं. भीती नवी होती, नियम एकच होता आणि तो सगळ्यांना सारखा दिसत होता.

पहिला तडा गेला तारखांनी. १४ एप्रिल, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. प्रत्येक तारखेला माणसाने मनाशी गाठ मारावी, आता एवढेच दिवस, आणि आदल्या दिवशी ती सोडून नवी मारावी. जून २०२० मध्ये 'पुनश्च हरिओम' म्हणत राज्य उघडू लागलं, तरी आदेशाची मुदत महिन्या-महिन्याने वाढतच राहिली. ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका आळंदीहून एसटीने पंढरपूरला गेल्या. लेण्याद्री, ओझर, भीमाशंकर बंद होतं. राज्यातली देवळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला.

दोन जगं इथे वेगळी झाली. शेतकऱ्याचं रान बंद झालं नव्हतं. दुधाचा भाव पडला, बाजार समितीच्या वेळा बदलल्या, माल रस्त्यात अडकला, नुकसान झालंच. पण पहाटे गोठ्यात जावं लागत होतं, पाण्याची पाळी होती, टोमॅटोला तारा बांधायच्या होत्या. हाताला काम होतं आणि दिवसाला आकार होता. फडातल्या माणसाला दोन्ही नव्हतं. कुणी शेतमजुरीला गेलं, कुणी भाजी विकली, कुणी घरातलं किडूकमिडूक मोडलं. 'घरी बसा' हा एकच आदेश दोघांनाही होता. एकाला तो गैरसोयीचा होता, दुसऱ्याला तो बेकारीचा हुकूम होता. साथीने सगळ्यांना सारखंच छळलं, असं म्हणणाऱ्यांनी राहुटीतली वही पाहिलेली नसते.

दुसरा पाडवा

जानेवारी २०२१ मध्ये वाटलं, गेलं हे. १५ जानेवारीला राज्यभर बारा हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान झालं आणि दुसऱ्याच दिवशी लसीकरण सुरू झालं. लग्नं दणक्यात लागली. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवरची शिवजयंती मोजक्या लोकांत झाली; मुख्यमंत्री उद्धव ठाकरे त्यासाठी जुन्नरला आले होते. दोनच दिवसांनी त्यांनी राज्याला सांगितलं की रुग्ण पुन्हा वाढत आहेत. राजकीय, सामाजिक, धार्मिक गर्दीचे कार्यक्रम बंद. मोहिमेचं नाव 'मी जबाबदार'. आधीच्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' होतं. नियम सरकारचा, जबाबदारी माझी, असा त्याचा अर्थ पारावर लावला गेला.

मग एप्रिल उजाडला. पुणे जिल्ह्यात ३ तारखेपासून संध्याकाळी सहानंतर संचारबंदी. ५ तारखेपासून राज्यात 'ब्रेक द चेन': शनिवार-रविवार कडक बंद, एवढंच लोकांनी ऐकलं होतं. आदेश हातात पडल्यावर कळलं की जीवनावश्यक सोडून बाकीची दुकानं आठवडाभरच बंद ठेवायची आहेत. ठिकठिकाणी व्यापारी रस्त्यावर उतरले. त्याच ५ तारखेला आंबेगावचे आमदार दिलीप वळसे पाटील राज्याचे गृहमंत्री झाले. संचारबंदी राबवणाऱ्या पोलिसांचा कारभार आता याच तालुक्याच्या माणसाकडे होता.

१३ एप्रिल हा पाडवा. त्या दिवशी संध्याकाळी मुख्यमंत्री पुन्हा दूरचित्रवाणीवर आले आणि १४ तारखेच्या रात्री आठपासून पंधरा दिवसांची संचारबंदी जाहीर झाली. सलग दुसऱ्या वर्षी नेमक्या पाडव्याला. यात्रा रद्द. पाच दिवसांनी, १८ एप्रिलला, राज्यात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. २२ तारखेला आदेश आणखी आवळला: लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, जिल्हा ओलांडायला ई-पास. मुदत १ मे, मग १५ मे, मग १ जून.

या वेळी मृत्यू टीव्हीवरचा नव्हता, गल्लीतला होता. रेमडेसिविर आणि ऑक्सिजनसाठी फोन फिरत होते. अवसरी खुर्दच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, लेण्याद्रीच्या भक्तनिवासात खाटा लागल्या. अशा वेळी लोक बंदी झुगारत नाहीत. ते घाबरून आत बसतात आणि आतल्या आत संतापतात. दुसऱ्या लाटेतला थकवा हा असा होता.

त्यातली एक जखम फारशी बोलली गेली नाही. या पट्ट्यात माणूस गेला की दहाव्याला नदीकाठी गाव लोटतं. घाटावर सतरंज्या पडतात, महाराजांचं प्रवचन होतं, गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलले जातात, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत लोक ताटकळतात आणि शिवला की सुटकेचा श्वास घेऊन घरी जातात. कुणाला हा निव्वळ सोपस्कार वाटेल. पण दुःखाला साक्षीदार मिळतात, ते इथे. २०२१ मध्ये अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. कोविडने गेलेल्याचा चेहराही अनेकांना दिसला नाही. घोडेच्या, मीनेच्या, कुकडीच्या काठावरचे दहावे घरच्या चार माणसांत उरकले गेले. न केलेला शोक विझत नाही, तो साठतो. पुढे एखाद्या आदेशावर माणूस प्रमाणाबाहेर चिडलेला दिसला, तेव्हा त्या रागात याचाही वाटा होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितलं होतं की लांबलेल्या संकटात असा थकवा येणं स्वाभाविक आहे आणि लोकांना दटावण्यापेक्षा त्यांचं ऐकून, त्यांना निर्णयात घेऊन तो कमी होतो. प्लेगच्या दुसऱ्या फेरीनंतर मुंबई सरकार ठेचा खाऊन याच निष्कर्षाला आलं होतं.

थकले ते नियम पाळणारेच नव्हते, राबवणारेही. सर्वेक्षणासाठी दारोदार फिरणाऱ्या राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविकांनी १५ जून २०२१ ला काम थांबवलं. टाळ्या, थाळ्या आणि 'योद्ध्या' ही पदवी त्यांना मिळाली होती. त्यांनी मागितला तो मोबदला. आठवडाभराने वाढ कबूल झाल्यावर त्या कामावर परतल्या. थकव्यावर कौतुक पुरत नाही, हे त्यांनी सगळ्यात स्पष्ट सांगितलं.

तग कशाने धरला

याच काळात जुन्नरच्या शेजारी, पारनेर तालुक्यातल्या भाळवणीला आमदार नीलेश लंके यांनी कोविड केंद्र उभं केलं. लोकांनी धान्य, भाजी, दूध आणून दिलं आणि शेकडो रुग्ण तिथे राहून बरे झाले. ते गाजलं ते तिथल्या वातावरणामुळे. सकाळी व्यायाम, संध्याकाळी कीर्तन, गाणी, कलावंतांचे कार्यक्रम. काहींनी नाकं मुरडली. पण एकट्या खोलीत मोबाइलवर मृत्यूचे आकडे बघत पडणं आणि शंभर माणसांत हरिपाठ ऐकत पडणं, यातला फरक आजारी माणसाला डॉक्टरने सांगावा लागत नाही. माळावरच्या खोपींमध्ये टिकून होतं ते हेच.

दुसरं उदाहरण नगर जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारचं. पोपटराव पवारांच्या या गावाने घरोघर तपासणी, लक्षण दिसताच अलगीकरण आणि अलग झालेल्याच्या शेतीची, गुरांची काळजी गावाने घेणं, अशा शिस्तीने दुसरी लाट आटोक्यात आणली. यातला शेवटचा मुद्दा कळीचा आहे. 'तू घरात बस, तुझी म्हैस आम्ही पिळतो' असं शेजारी म्हणतो तेव्हा बंदीचा अर्थच पालटतो. जून २०२१ मध्ये सरकारने कोरोनामुक्त गावांची स्पर्धा जाहीर केली. महसूल विभागात पहिल्या येणाऱ्या गावाला ५० लाखांचं बक्षीस. उशिरा का होईना, साथ रोखण्याचं काम गावाच्या हातात द्यावं हे त्यात मान्य झालं.

तमाशाला मात्र असा शेजारी भेटला नाही. मदतीची निवेदनं गेली, थोडी मदत आली, दोन हंगाम मात्र गेले ते गेलेच. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना, कांताबाई सातारकरांचं संगमनेरला निधन झालं. जिच्या नावावर गावं रात्र जागवत, तिला निरोप द्यायला तमाशाचं जग एकत्र जमू शकलं नाही.

७ जून २०२१ पासून राज्य पाच स्तरांनी उघडायला लागलं. बाधितांचं प्रमाण आणि ऑक्सिजन खाटा यांवर जिल्ह्याचा स्तर ठरणार होता. ही पहिली अशी पद्धत होती की जिच्यात परतीची खूण लोकांना दिसत होती. उंदीर पडायचे थांबले की घरी, तसं काहीसं. दुकानदार दर आठवड्याला आपल्या जिल्ह्याचा आकडा बघू लागले. जूनच्या अखेरीस नव्या उपप्रकाराच्या धास्तीने सगळ्यात सैल असे पहिले दोन्ही स्तर गोठवले गेले आणि ती खूणही पुसली गेली. मुंबईच्या लोकल सर्वसामान्यांसाठी, तेही दोन डोस झालेल्यांसाठी, सुरू झाल्या १५ ऑगस्टला. तोवर डबेवाल्यांचा मोठा भाग गावीच होता. देवळं पुन्हा उघडली ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी.

या सगळ्याच्या शेवटी लांडेवाडीचा घाट येतो. दोन पाडवे, दोन वाऱ्या, रद्द झालेल्या यात्रा, चार माणसांत उरकलेले दहावे, सात वर्षांची न्यायालयीन लढाई, आणि मग आदल्या दिवशी आलेला कागद. गाडामालकाला ओमायक्रॉन कळत नव्हता असं नाही. त्याला कळत नव्हतं ते एवढंच: उद्यासाठी मागे घ्यायची होती तर परवानगी दिलीच कशाला, आणि आता पुन्हा कधी? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर असतं तर पहिल्याची धार कमी झाली असती.

पुढे लाट ओसरली, निर्बंध सैल झाले आणि घाट भरू लागले. राज्याने साथीचे सगळे निर्बंध उठवले ते २०२२ च्या पाडव्याच्या मुहूर्तावर, २ एप्रिलला. नारायणगावात राहुट्या लागल्या, कमिट्या आल्या, विसार पडले. ज्या मालकांची उचल दोन वर्षं अंगावर होती त्यांच्यासाठी तो हंगाम आनंदाचा कमी आणि फेडीचा जास्त होता.

पुढच्या वेळी

पुढची साथ येणार नाही असं कुणी सांगू शकत नाही, आणि ती आली की पुन्हा बंदी, पुन्हा सूट, पुन्हा बंदी हे चक्रही येणार. तेव्हा लोक बेजबाबदार झाले, हा शेरा मारून मोकळं होता येणार नाही. १८९७-९८ चं पुणे आणि २०२०-२२ चा हा पट्टा दोन्ही एकच सांगतात: माणसं कष्टांनी थकतात त्याहून जास्त अधांतरी राहण्याने थकतात. माळावरची थंडी त्यांनी काढली. न कळणारी तारीख, बदलता हुकूम, रिकामे हात आणि अडलेला शोक हे त्यांना पेलवलं नाही.

मनाच्या तक्रारींसाठी आता १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, साथ सरल्यावर. तो असणं चांगलंच. पण ज्या गोष्टींनी मन खचलं त्यांतल्या बऱ्याचशा समुपदेशकाच्या हातातल्या नाहीत, तहसील कचेरीच्या आणि मंत्रालयाच्या हातातल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा आजच्या साथींना अपुरा असल्याचं सांगितलं. नवा कायदा होईल तेव्हा त्यात अधिकाऱ्यांचे अधिकार असतीलच. ते लिहायला कुणी विसरत नाही. कळंब-नारायणगावच्या अनुभवावरून त्यात आणखी चार ओळी असायला हव्यात. बंदी कोणत्या आकड्यावर उठणार ते बंदीच्याच आदेशात छापलेलं असावं. दिलेली परवानगी मागे घ्यायची तर ती किती दिवस आधी, आणि झालेला खर्च कुणी भरायचा, हे ठरलेलं असावं. ज्यांचा धंदाच गर्दीचा आहे त्यांना बंदीच्या पहिल्या दिवसापासून पोटापुरता भत्ता मिळावा, हंगाम बुडाल्यानंतरच्या निवेदनावर नव्हे. आणि गावात नियम कसे पाळायचे, कुणाचं रान कुणी बघायचं, दहावा कसा करायचा, हे ग्रामसभेने ठरवावं.